ऑफिसच्या गाड्या विजेवर आणताना

आमच्या कंपनीच्या गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. कोणती गाडी कुठे जाणार, सर्व्हिसिंग कधी आहे, विमा कधी संपतो, इंधनाची बिलं जुळतात की नाही, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. ताफा वीसेक गाड्यांचा. काही दुरुस्ती पथकाकडे, काही विक्री विभागाकडे, दोन-तीन अधिकाऱ्यांसाठी आणि बाकीच्या ज्याला लागेल त्याने किल्ली घेऊन न्यायच्या. यातल्या बहुतेक गाड्या आता विजेवर चालतात. हा बदल करताना जे मोजलं, जे पाहिलं आणि ज्यावरून बैठकांमध्ये वाद झाले ते लिहिते आहे, कारण असा निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाला विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांत सगळं गाडीबद्दल असतं. ऑफिसच्या ताफ्याचा प्रश्न मात्र निम्म्याहून जास्त गाडीच्या बाहेरचा आहे: ती कुठे उभी राहते, किती वेळ उभी राहते आणि तिथे वीज किती आहे.

विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एका चार्जिंगमध्ये किती जाते? तो बाजूला ठेवून मी लॉगबुकं काढली. प्रत्येक गाडीचं महिन्याचं रनिंग आमच्याकडे होतंच. कामाच्या दिवसांनी भागलं तर बहुतेक गाड्यांची रोजची सरासरी साठ-सत्तर किलोमीटर येत होती. एवढंच बघून सगळा ताफा एकदम बदलायला हरकत नव्हती. पण एखादी गाडी चार दिवस तीस-तीस किलोमीटर फिरते आणि पाचव्या दिवशी तीनशे. सरासरीत तो पाचवा दिवस दिसत नाही, आणि गाडी अडते ती त्याच दिवशी. म्हणून मी प्रत्येक गाडीसाठी वेगळा तक्ता केला: वर्षातला सर्वांत लांबचा दिवस किती किलोमीटरचा, असे दिवस साधारण किती वेळा येतात, गाडी संध्याकाळी कितीला परत येते, सकाळी कितीला निघते आणि रात्री कुठे उभी असते. शेवटची माहिती कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती. ती चालकांना आणि गेटवरच्या माणसांना विचारून गोळा करावी लागली.

तक्ता तयार झाल्यावर गाड्या आपोआप वेगळ्या झाल्या. दुरुस्ती पथकाच्या गाड्या रोज भरपूर फिरत होत्या, पण शहराच्या परिसरातच, आणि रात्री ऑफिसच्या आवारात परत येत होत्या. विजेसाठी याहून सोयीचं काम नाही. विक्री विभागातल्या काही जणांच्या गाड्या मात्र दोन-दोन दिवस बाहेर मुक्कामी असत. तिसरा गट मला अनपेक्षित होता: ज्या गाड्या जवळजवळ हलतच नव्हत्या. इलेक्ट्रिक गाडी घेताना महाग पडते आणि चालवताना स्वस्त, म्हणजे तो फरक भरून निघतो फक्त धावल्याने. जी गाडी आठवड्यातून एकदा बाहेर पडते ती विजेवर आणण्यात पैशाचा काही अर्थ नाही. त्या गाड्या आम्ही बदलल्याच नाहीत, सरळ कमी केल्या. हा सगळ्या प्रकल्पातला सर्वांत स्वस्त आणि पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत चांगला निर्णय होता असं माझं ठाम मत आहे.

आवारात परतणाऱ्या गाड्यांचं आणि विजेचं नातं जुनं आहे. 1897 साली लंडनमध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेवरच्या टॅक्सी रस्त्यावर आल्या, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही विजेवरच्या कॅब सुरू झाल्या. ठरावीक तळावर परत यायचं आणि तिथे बॅटरी भरून किंवा बदलून पुन्हा निघायचं, अशी ती व्यवस्था होती. आपल्या काळात चीनमधल्या शेन्झेन शहराने 2017 अखेरपर्यंत सोळा हजारांहून जास्त बसगाड्या विजेवर आणल्या, त्याही अशाच ठरलेल्या मार्गावर धावून डेपोत परतणाऱ्या. व्यवस्थापनासमोर ही दोन्ही उदाहरणं मांडली तेव्हा ‘हे तंत्रज्ञान अजून नवीन आहे’ हा आक्षेप बराच मऊ झाला.

मग आला चार्जिंगचा प्रश्न. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण ताफ्याचं यशापयश इथेच ठरतं.

सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात फास्ट चार्जर होता. पेट्रोल पंपाची सवय असलेल्या माणसाला चार्जिंग म्हणजे थांबून भरून घेणं असंच वाटतं. मी साधा हिशेब मांडला. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार 100 किलोमीटरला साधारण 15 ते 18 युनिट वीज खाते. नेहमीच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवरून ती सुमारे 3 किलोवॅट घेते. त्यातली दहा-पंधरा टक्के वीज चार्जिंगमध्येच वाया जाते असं धरलं तरी तासाला पंधराएक किलोमीटरची वीज भरली जाते. संध्याकाळी सातला लावलेली गाडी सकाळी सातपर्यंत पावणेदोनशे किलोमीटरची तयार. 32 अँपिअरचा सिंगल फेज चार्जर 7.4 किलोवॅटचा असतो, त्यावर हेच काम अर्ध्याहून कमी वेळात होतं. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला याहून वेगवान काही लागतच नाही. आवारात महागडा डीसी फास्ट चार्जर बसवण्याचा प्रस्ताव या हिशेबावर बाद झाला.

पुढचा आकडा तर आमच्या इलेक्ट्रिशियननेच काढला. 7.4 किलोवॅटचे दहा चार्जर म्हणजे 74 किलोवॅट. गाड्या परततात सहा-सातच्या सुमारास, त्या वेळी इमारतीतले एसी, लिफ्ट, दिवे सगळं चालू असतं. सगळ्यांनी येताक्षणी गाड्या लावल्या तर मंजूर भार ओलांडला जाणार. व्यावसायिक जोडणीत बिल फक्त युनिटांवर निघत नाही, महिन्यातली सर्वोच्च मागणीही त्यात धरली जाते. म्हणजे एका संध्याकाळी अर्धा तास भार उसळला तरी त्याचा भुर्दंड महिनाभराच्या बिलात. वीज वितरण कंपनीकडे भार वाढवून मागायचा तर नवी केबल, कदाचित नवा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याची वाट बघणं. एका बैठकीत सगळी गोष्ट इथेच संपेल असं वाटत होतं.

पण उलट बाजूने मोजलं तर चित्र वेगळं होतं. सत्तर किलोमीटर फिरून आलेल्या गाडीला लागतात जेमतेम चौदा युनिट. दहा गाड्यांची मिळून दीडशेच्या आत. हीच वीज रात्रीच्या दहा तासांत पसरली तर भार येतो 15 किलोवॅट, आणि रात्री इमारत तर झोपलेलीच असते. 74 आणि 15 यांतला फरक फक्त वेळ वाटून देण्याचा होता. आम्ही आपसांत बोलणारे चार्जर घेतले, जे एकूण मर्यादेत राहून गाड्यांना वीज वाटून देतात आणि इमारतीचा भार उतरल्यावर वाढवतात. भार वाढवून मागण्याची गरजच उरली नाही. चार्जर निवडताना एक अट मी सोडली नाही: तो ओसीपीपी या खुल्या पद्धतीने चालला पाहिजे. चार्जर आणि त्याची देखरेख करणारं सॉफ्टवेअर यांच्यात बोलण्याची ही नेदरलँड्समध्ये सुरू झालेली सामाईक भाषा आहे. ती असेल तर उद्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीशी पटलं नाही तरी भिंतीवरचे चार्जर तसेच राहतात.

सुरक्षेच्या बाबतीत काटकसर करू नये, आणि हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. चार्जिंगचा भार तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालतो, त्यामुळे साधं सॉकेट, ढिला स्क्रू, बारीक वायर तापायला वेळ लागत नाही. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची केबल, तपासलेलं अर्थिंग हवंच. शिवाय गाडीत बिघाड झाला तर डीसी प्रवाहाची गळती होऊ शकते. ती 6 मिलिअँपिअरच्या वर गेली की नेहमीचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, निकामी ठरण्याचा धोका असतो: खरोखर शॉक बसण्यासारखी गळती झाली तरी तो पडत नाही. म्हणून टाइप बी आरसीसीबी घ्यावा लागतो, किंवा चार्जरमध्येच अशी डीसी गळती ओळखून वीज तोडणारी सोय आहे ना ते बघावं लागतं. आम्ही कागदावर लिहून घेतलं. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावायला आवारात सक्त बंदी आहे.

आता गाड्यांकडे येते. माहितीपत्रकातला रेंजचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून आलेला असतो. नियोजनासाठी मी त्याचा दोन तृतीयांश भाग धरला, आणि तो ताफ्याला मानवला. कारणं सरळ आहेत. कोणी गाडी शून्यावर आणत नाही, पंधरा-वीस टक्के शिल्लक ठेवूनच परततो. थंडीत बॅटरी कमी देते आणि हीटर तिच्याच जिवावर चालतो. कडक उन्हात एसीचंही तसंच, मात्र हीटरइतकी झळ लागत नाही. आणि सर्वांत मोठा परिणाम वेगाचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 90 ऐवजी 120 ने गेलं की तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. डिझेलची गाडी हायवेवर चांगलं अॅव्हरेज देते आणि गर्दीत कमी. इलेक्ट्रिकचं बरोबर उलट, कारण गर्दीत ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. चालकांना हे उमगायला काही आठवडे गेले, मग ते आपणहून एकमेकांना सांगू लागले.

बॅटरीच्या प्रकाराकडे बहुतेक खरेदीदार बघतच नाहीत. आम्हाला त्याचा फार फरक पडला. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी त्याच वजनात जास्त वीज साठवते, पण तिचं आयुष्य जपायचं तर रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी असं उत्पादक सांगतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी, थोडी जड, कडाक्याच्या थंडीत हळू भरणारी, पण जास्त वेळा भरली-रिकामी केली तरी टिकणारी आणि कोबाल्ट नसलेली. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने 1990 च्या दशकात हे रसायन पुढे आणलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना 2019 चं नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. एलएफपी अधूनमधून शंभर टक्के भरावीच लागते, नाहीतर गाडीला उरलेल्या चार्जचा अंदाज नीट येत नाही. एक गाडी रोज वेगळ्या माणसाच्या हातात जाते तिथे ‘ऐंशीला बंद करा’ हा नियम टिकत नाही, ‘लावा आणि विसरा’ टिकतो. म्हणून सामाईक गाड्या आम्ही एलएफपीच्याच घेतल्या.

माणसांचा भाग मला सर्वांत अवघड गेला आणि सर्वांत जास्त आवडलाही. आमच्याकडचे सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, पहिल्याच बैठकीत म्हणाले, “मॅडम, पेट्रोल संपलं तर डबा घेऊन जाता येतं. वीज संपली तर काय आणायचं?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर व्यवस्थेतच द्यावं लागलं. रस्त्यात थांबलेली इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर वीज निर्माण करते आणि नुकसान होऊ शकतं, त्यामुळे ती पूर्ण उचलूनच न्यावी लागते. तशी सोय असलेल्या सेवेशी आधीच करार केला आणि नंबर प्रत्येक गाडीत चिकटवला. शिवाय आवारातल्या नियमाचा क्रम बदलला: गाडी जागेवर उभी केली की आधी चार्जिंग गन लावायची, मगच किल्ली जमा करायची. किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये चार्जचा टक्का लिहिण्यासाठी रकाना आला. सकाळी किल्ली देणारा माणूस आता कुठे जायचं आहे ते विचारतो आणि त्यानुसार गाडी देतो. लांब जाणाऱ्याला भरलेली, जवळ जाणाऱ्याला निम्मी असली तरी चालते. वाद पूर्वी गाडीच्या मॉडेलवरून व्हायचे, ते या एका सवयीने कमी झाले.

प्रशिक्षणात दोन गोष्टींवर भर दिला. पेडलवरून पाय उचलला की गाडी लगेच मंदावते, त्यामुळे मागच्या गाडीवाल्याचा अंदाज चुकू शकतो. आणि हळू जाताना गाडीचा आवाज जवळजवळ येत नाही. आता ताशी 20 किलोमीटरपर्यंत पादचाऱ्यांना इशारा देणारा आवाज गाडीने करावा असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत निकष आहे, आणि युरोपियन युनियनमध्ये जुलै 2021 पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना तो बंधनकारक आहे. तरी आवारात रिव्हर्स घेताना कोणीतरी मागे उभं राहावं, हा आमचा नियम कायम आहे.

घरी गाडी नेणाऱ्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. ज्यांच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे वीज आहे त्यांचं सोपं: चार्जरमध्येच मीटर असतो, महिन्याचे युनिट कळतात, त्यांच्या दराने पैसे परत मिळतात. जे मोठ्या इमारतींमध्ये राहतात आणि ज्यांची गाडी खाली सामाईक जागेत उभी असते त्यांना हे शक्य नाही. त्यांच्यावर रोज सार्वजनिक चार्जर शोधायची वेळ आणणं मला अन्यायाचं वाटलं. शिवाय तिथली वीज घरच्यापेक्षा महाग पडते. त्यांच्या गाड्या दिवसा ऑफिसात उभ्या असतात, तेव्हा त्यांच्यासाठी दिवसाच्या जागा राखल्या. छतावर सौर पॅनेल असतील तर अशा दिवसा थांबणाऱ्या गाड्यांनाच त्याचा थेट फायदा मिळतो. रात्री लावलेल्या गाडीला नाही. सौर ऊर्जेवर ताफा चालवण्याचं बोलताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

खर्चाची बाजू हिशेब विभागाने काटेकोर तपासली. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लच, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर हे सगळं यादीतून गेलं. ब्रेक पॅड कमी झिजतात. इतके कमी वापरले जातात की गंज धरतो का ते मधूनमधून बघावं लागतं. टायर मात्र लवकर जातात: गाडी जड आणि सुरुवातीपासूनच पूर्ण जोर. साधी 12 व्होल्टची बॅटरी या गाड्यांतही असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, त्यामुळे तिची तपासणी वेळापत्रकात घातली. अपघातानंतर वेळ जास्त लागतो, कारण हाय व्होल्टेजवर काम करायला शिकलेले मेकॅनिक सगळ्या वर्कशॉपमध्ये नाहीत. एक गाडी जादा ठेवण्याचा निर्णय त्यामुळेच घेतला. बॅटरीवर बहुतेक उत्पादक 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर. खरेदी करारात बॅटरीच्या स्थितीचा अहवाल दरवर्षी मिळण्याची अट घालून घ्यावी. पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक तोच कागद मागणार आहे.

पर्यावरणाबद्दल मी बढाई मारणार नाही. बॅटरी बनवताना कार्बन उत्सर्जन जास्त होतं. ते गाडी धावेल तसं भरून निघतं, आणि वीज कशापासून तयार होते त्यावर किती लवकर ते ठरतं. पण आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सकाळी डझनभर इंजिनं एकदम सुरू व्हायची आणि तिथे ड्यूटीवर असलेला माणूस रोज तो धूर छातीत घ्यायचा. तो धूर आता नाही. माझ्यासाठी हे एक कारणही पुरेसं होतं.

मुक्कामी जाणाऱ्या विक्री विभागाच्या गाड्या अजून डिझेलवरच आहेत. त्यांच्यासाठी कसोटी अशी ठरवली आहे: मार्गावर एका ठिकाणचे चार्जर बंद असले तर शिल्लक चार्जमध्ये गाठता येईल असं दुसरं ठिकाण हवं, आणि दहा ते ऐंशी टक्के भरायला लागणारा वेळ त्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीत बसला पाहिजे. ऐंशीच्या पुढे फास्ट चार्जिंग मंदावतं, म्हणून शंभरची वाट बघणं नियोजनात धरलेलंच नाही. दोन मार्ग या कसोटीला उतरतात, तिथल्या गाड्यांची मुदत संपली की त्या बदलतील. बाकीच्यांच्या ट्रिपशीटवर सध्या एवढीच माहिती जमा करतो आहोत: रात्री कुठल्या हॉटेलात थांबला आणि तिथल्या पार्किंगमध्ये चार्जर होता का.